नौपाड्यातील अमेरिकी कर-सल्ला कार्यालय: एकत्र विवरणपत्राआधीचा हिशोब

पती ग्रीन कार्डधारक असून न्यू जर्सीत नोकरीला, पत्नी ठाण्यात राहून ऐरोलीत नोकरी करणारी आणि कौटुंबिक व्हिसाचा अर्ज प्रलंबित, अशी आमची स्थिती आहे. अशा जोडप्यांची अमेरिकी आयकर विवरणपत्रे तयार करून देणाऱ्या नौपाड्यातील एका लहान कार्यालयाची सेवा आम्ही २०२४ या करवर्षासाठी घेतली. जागा गोखले रोडलगतच्या जुन्या इमारतीत आहे, लिफ्ट नाही आणि गाडी लावायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नये. अमेरिकेतील जोडीदाराला बोलण्यात सामील होता यावे म्हणून सकाळी लवकरची व्हिडिओ कॉलची वेळ मात्र ते आनंदाने देतात.

या कार्यालयाची सर्वांत जमेची बाजू अशी की, 'लग्न झाले आहे, तर एकत्रच भरा' हा सल्ला त्यांनी आधी दिला नाही. अमेरिकेत ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर ते पूर्ण वर्ष विवाहित म्हणूनच धरले जाते. त्यामुळे मुलेबाळे नसलेल्या आमच्यासारख्यांपुढे एकत्र किंवा विवाहित-स्वतंत्र एवढेच दोन पर्याय उरतात. २०२४ साठी प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, स्वतंत्र भरल्यास १४,६०० डॉलर आणि एकत्र भरल्यास २९,२०० डॉलर होती, आणि बहुतेकांची नजर याच आकड्यावर खिळते. परंतु अनिवासी पत्नीला एकत्र विवरणपत्रात यायचे असेल, तर अमेरिकी करकायद्याच्या कलम ६०१३-जी खाली तिला निवासी मानण्याची निवड दोघांच्या सहीने करावी लागते, आणि ती केली की तिचे जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या हिशोबात येते.

म्हणूनच सल्लागार मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या पगारापेक्षा पीपीएफ, मुदत ठेवी आणि एसआयपी यांची चौकशी अधिक केली. पीपीएफचे व्याज आपल्याकडे करमुक्त असले तरी तिकडे करपात्र ठरते. म्युच्युअल फंडांना तर परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्यांचे किचकट नियम लागू होतात. पगार परदेशातील कमाई म्हणून वगळता येतो, त्याची २०२४ मधील मर्यादा १,२६,५०० डॉलर होती. मात्र उरलेल्या उत्पन्नावरचा दर ठरवताना तो वगळलेला पगारही मोजला जातो. भारतात भरलेला कर अमेरिकेच्या करातून वजा करून घेण्याचा दुसरा मार्गही त्यांनी शेजारी मांडून दाखवला. अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्याने फॉर्म १६ वर भागत नाही, बारा महिन्यांच्या पगारपत्रकांची बेरीज करावी लागते, आणि ते काम त्यांच्या मदतनिसांनी नेटकेपणाने केले.

पगारातून होणाऱ्या करकपातीचा विषय त्यांनी ज्या बारकाईने हाताळला, त्यासाठी मी या सेवेला विशेष गुण देईन. लग्नानंतर डब्ल्यू-४ फॉर्मवर, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे ठरवण्यासाठी कंपनीला द्यायच्या फॉर्मवर, 'विवाहित, एकत्र' अशी खूण केली की दरमहा कपात कमी होते आणि हातात येणारा पगार वाढतो, हे पतीच्या सहकाऱ्यांनी सांगितलेच होते. त्यापुढचे कोणी सांगत नाही: ती खूण विवरणपत्राला बांधून घेत नाही, पण वर्षअखेरीस स्वतंत्र भरायचे ठरले, किंवा एकत्र भरूनही पत्नीच्या व्याजामुळे कर वाढला, तर तेवढी रक्कम एकदम भरावी लागते आणि तूट मोठी असल्यास दंडही बसू शकतो. त्यांनी अंदाजे तूट काढून ती उरलेल्या पगारांत विभागली आणि डब्ल्यू-४ वरील जादा कपातीच्या रकान्यात लिहायला सांगितली. एप्रिलमध्ये हिशोब जवळपास बरोबरीत सुटला.

दुसरा उपयोग पासपोर्टच्या बाबतीत झाला. सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळण्यास मी पात्र नसल्याने डब्ल्यू-७ फॉर्म जोडून करदाता क्रमांक मागवावा लागला, आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट टेक्सासमधील ऑस्टिनला पाठवणे वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासातून मुलाखतीचे बोलावणे कधीही येईल अशा काळात परवडणारे नव्हते. नोटरीची प्रत तिकडे चालत नाही. या कार्यालयाचा संबंध आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, मान्य केलेल्या स्वीकृती प्रतिनिधीशी आहे. त्यांनी पासपोर्ट समोर तपासून प्रमाणपत्र दिले आणि पासपोर्ट माझ्याकडेच राहिला.

इमिग्रेशनचा सल्ला आपण देत नाही, हे ते स्पष्ट सांगतात आणि तसेच वागतात, हे मला योग्य वाटते. तरीही आय-८६४ या आर्थिक हमीपत्रासाठी पतीचे एकट्याचे उत्पन्न दाखवायचे असेल, तर एकत्र विवरणपत्रासोबत त्यांचे डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे आणि करकपातीचे दाखले, जोडावे लागतात, हे त्यांनी आठवणीने सांगितले. वकिलांनीही पुढे तेच मागितले. एकत्र विवरणपत्र हा सहजीवनाचा एक पुरावा ठरतो, परंतु केवळ पुराव्यासाठी तोट्याचा पर्याय घेऊ नये, हे त्यांचे मत मला पटले. एकत्र भरल्यावर त्या कराची जबाबदारी दोघांवरही पूर्णपणे येते, हेही त्यांनी सही घेण्यापूर्वी वाचून दाखवले.

तक्रार फीबद्दल आहे. सुरुवातीला सांगितलेल्या रकमेत पासपोर्टचे प्रमाणीकरण आणि न्यू जर्सी राज्याचे विवरणपत्र नव्हते, आणि हे आम्हाला काम अर्धे झाल्यावर कळले. शिवाय मार्चअखेरीस ई-मेलला उत्तर मिळायला फार वेळ लागतो, तेव्हा फेब्रुवारीतच कागद द्यावेत आणि संपूर्ण फी लेखी मागून घ्यावी. भारतातील जोडीदाराला उत्पन्न, ठेवी वा गुंतवणूक नसेल, तर इतका खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र एसआयपी किंवा पीपीएफ असेल, तर निवडीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी इथे एकदा हिशोब मांडून घ्यावा, कारण ती निवड पुढील वर्षांनाही लागू राहते आणि एकदा मागे घेतली की त्याच जोडप्याला पुन्हा करता येत नाही.