डॉट-ग्रेडल उडवलं आणि दोन दिवसांचा नेटचा डेटा गेला: नऊ महिन्यांचा अनुभव

आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर नऊ महिन्यांपासून अँड्रॉइड स्टुडिओ चालवतोय. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. काम एकच, कृषी केंद्राच्या उधारीचं ॲप. कास्तकार जूनमध्ये बियाणं-खत नेतात आणि कापूस विकल्यावर पैसे देतात, म्हणून खातं महिनोन्‌महिने उघडं राहतं. स्टुडिओ म्हणजे मोबाईलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, आणि लिहिलेल्या कोडचं ॲप बांधून देणारं त्यातलं साधन म्हणजे ग्रेडल. मला बोलायचंय ते त्याच्या डॉट-ग्रेडल (.gradle) या फोल्डरबद्दल.

मागच्या महिन्यात पंखा घरघर करायला लागला म्हणून लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात टाकला. ३५० रुपये घेतले, पंखा शांत झाला. घरी येऊन बिल्ड लावला, म्हणजे ॲप बांधायला घेतलं, तर खालच्या पट्टीत डाउनलोड सुरू, एकामागून एक लायब्ररी, म्हणजे ॲपला लागणारे तयार कोडचे गठ्ठे. माझा पॅक रोजचा १.५ जीबी, तोही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. मध्येच डेटा संपला, बिल्ड लाल झाला. उरलेलं रात्री बारानंतर उतरलं. सकाळी दुकानात फोन केला.

"भाऊ, डिस्क भरत आली होती. फालतू फाईली काढल्या, त्याचे पैसेबी नाही लावले तुम्हाले."

नावाआधी टिंब असलेलं दिसेल ते त्यानं कचरा समजून काढलं होतं. एकदा विचारायला काय जात होतं? मला अजूनही राग आहे.

आधी मला वाटलं, हे सगळं डॉट-आयडिया (.idea) या स्टुडिओच्या सेटिंगच्या फोल्डरमुळे झालं, कारण ॲप चालवायच्या माझ्या रन सेटिंग त्यातच होत्या. तसं दोघातिघांना सांगितलंही. ते चुकीचं निघालं. लाईन टिकून होती अशा एका रात्री प्रोजेक्टची नक्कल केली आणि एकेक फोल्डर काढून पाहिलं. डॉट-आयडिया काढलं तर स्टुडिओ सगळा प्रोजेक्ट नव्यानं वाचतो, पुन्हा सिंक, पुन्हा इंडेक्सिंग, पण बिल्डचा वेळ जवळपास तोच, माझ्याकडे ५० सेकंद. प्रोजेक्टमधलं डॉट-ग्रेडल काढलं आणि १४ मिनिटं लागली! एरवी बिल्डच्या यादीत टास्कपुढे, म्हणजे बिल्डमधल्या एकेका कामापुढे, 'अप-टू-डेट' (आधीच झालंय) असा शेरा येतो. त्या रात्री यादी वर सरकत राहिली आणि शेरा कुठेच नव्हता.

कोणत्या टास्कला मागच्या वेळी काय दिलं आणि त्यातून काय निघालं, याच्या खुणा ग्रेडल त्या फोल्डरमध्ये ठेवतं. खुणा गेल्या की झालेलं काम झालंय हे त्याला कळत नाही, मग सगळं पहिल्यापासून. नेटचा डेटा मात्र गेला तो होम फोल्डरमधल्या, म्हणजे लॅपटॉपवरच्या माझ्या नावाच्या फोल्डरमधल्या, दुसऱ्या डॉट-ग्रेडलमुळे, उतरवलेल्या लायब्ररी तिथे असतात. नाव एकच, जागा दोन, म्हणून घोटाळा होतो. प्रोजेक्टमधली लोकल.प्रॉपर्टीज ही फाईल गेली तर फार बिघडत नाही, तिच्यात मुख्यतः एसडीकेचा (अँड्रॉइडच्या साधनांच्या संचाचा) पत्ता, तो स्टुडिओ परत लिहितो. ग्रेडल.प्रॉपर्टीजला हात लावू नका. मेमरीची मर्यादा आणि अँड्रॉइडएक्सची (अँड्रॉइडच्या नव्या लायब्ररींची) ओळ तिच्यात असते, जुन्या आवृत्त्यांत ती ओळ गेली की बिल्डच अडतो. तिच्या नावाआधी टिंब नाही म्हणून माझी फाईल वाचली.

त्याच फाईलमध्ये आता ग्रेडलचं कॅशिंग, म्हणजे झालेल्या कामाचा साठा ठेवणं, चालू केलंय, ते आपोआप चालू नसतं. परत प्रोजेक्टचं डॉट-ग्रेडल काढून पाहिलं, बऱ्याच टास्कपुढे 'फ्रॉम-कॅश' (साठ्यातून घेतलं) आलं आणि चार मिनिटांत आटोपलं. आधी हा लॅपटॉप विकायच्या विचारात होतो, तो विचार सोडला. एवढ्या रॅमवरही काम होतं, फोल्डर जागेवर राहू द्या. डिस्कवर जागाच हवी असेल तर बंद पडलेल्या प्रोजेक्टचं बिल्ड फोल्डर काढा, नको असलेले एम्युलेटर (ॲप तपासायचे नकली फोन) काढा, ग्रेडलच्या जुन्या आवृत्त्या काढा. माझी नऊ जीबी मोकळी झाली.

होम फोल्डरमधल्या डॉट-ग्रेडलची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आहे. नेट नसलं की ऑफलाइन मोड लावून बिल्ड करतो. पुढच्या आठवड्यात बॅटरी बदलायला त्याच दुकानात जायचंय, तालुक्यात दुसरं नाही. झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे: फक्त बॅटरी, फाईलींना हात लावू नये.