साडेसात चौरस फुटांची मोजणी

जागेची खासगी मोजणी करून देणाऱ्या एका मोजणीवाल्याबद्दल लिहितेय, त्याचं नाव देत नाही. खाली त्याच्याबद्दल दोन तक्रारी आहेत, आणि मुलगा कामाचा आहे. पाचपैकी चार तारे.

घर ठाण्यात, कोलबाडला. सासऱ्यांनी बांधलेलं, खाली तीन खोल्या, वर एक, मागे नारळ. शेजारच्या भाऊंनी यंदा त्यांचं जुनं घर पाडून नवं बांधायचं काढलं आणि एका सकाळी मधल्या कंपाउंडच्या भिंतीला चुन्याच्या खुणा करून गेले. खुणा आमच्या बाजूने. मी विचारलं तर म्हणाले, "वहिनी, भिंत आमचीच आहे, बारा वर्षांच्या वर झाली." हे बारा वर्षांचं लोक कुठून ऐकून येतात कोण जाणे. मुदतीच्या कायद्यात आहे ते, पण त्यासाठी कोर्टात उभं राहून आपला ताबा उघड आणि मालकाविरुद्ध होता हे सिद्ध करावं लागतं. चुना मारून होत नाही.

माझी खात्री होती की त्यांनी १९९४ साली भिंत दुरुस्त केली तेव्हाच ती आमच्याकडे सरकली. आमचे हे तेव्हा नागपूरला बदलीवर होते आणि मी दोन लहान मुलांमागे. म्हणून मोजणीवाला शोधायला लागले.

तिघांना फोन केले. दोघे लगेच यायला तयार, टेप घेऊन. तिसऱ्याने आधी विचारलं, "मावशी, प्रॉपर्टी कार्ड आहे? सिटी सर्व्हेच्या शीटची नक्कल?" कार्ड ऑनलाइन निघालं. शीटसाठी, म्हणजे हद्दींच्या सरकारी नकाशासाठी, ऑफिसात तीन फेऱ्या झाल्या. कागद हातात आल्याशिवाय मी येत नाही म्हणाला, तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्याला काम द्यायचं ते याच कारणासाठी. कशाशी ताडून बघायचं हेच माहीत नसेल तर नुसती लांबी-रुंदी मोजून काय उपयोग?

आला तो एका मदतनिसासोबत, सकाळी साडेसातला. उपग्रहावर चालणारा रोव्हर आणला होता, पण आमच्या गल्लीत एका बाजूला सात मजली इमारत आणि डोक्यावर नारळ, त्यामुळे त्याला नीट आकाशच मिळेना. अर्धा तास खटपट करून त्याने तो सरळ पेटीत ठेवला आणि तिकाटण्यावर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, लावलं. मदतनीस काठीवर आरसा धरून कोपऱ्याकोपऱ्यात उभा. गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या झाकणाखाली एक जुना हद्दीचा दगड निघाला. तीस वर्षं मी त्याच्यावरून भाजी आणते आहे.

आता निकाल. भिंत साठ फूट लांब आणि तिरकी. रस्त्याच्या बाजूला ती नऊ इंच भाऊंच्या जागेत, मागे नारळापाशी एक फूट आमच्या जागेत. पुढचा त्रिकोण आम्ही खाल्ला, मागचा त्यांनी. हिशेब करून त्याने सांगितलं, "तुमचे निव्वळ साडेसात चौरस फूट गेलेत." एक शिलाई मशीन मावेल इतकी जागा.

मी लगेच भाऊंना हाक मारायला निघाले तर म्हणाला, थांबा. शीट १:५०० प्रमाणाची. कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे पुढचे नऊ इंच रेघेच्या जाडीतच बसतात, आणि मागचा एक फूट तिच्या जेमतेम बाहेर पडतो. हे त्याने न सांगता पैसे घेतले असते तरी मला कळलं नसतं. एक तारा फक्त याचा.

मग हळू आवाजात आणखी एक. "मावशी, महापालिकेत अर्ज टाकलात तर माणूस भिंत बघायला येईल आणि आधी हे पत्रे बघेल." पत्रे म्हणजे आमची कपडे धुण्याची शेड, घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये मी २००९ साली टाकून घेतलेली. ती मोकळी सोडायची जागा. बांधकामाच्या नियमावलीत तिला सामासिक अंतर म्हणतात, आमच्याकडे मार्जिन. शेडला परवानगी नाही. एमआरटीपीच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम ५३ ची विनापरवाना बांधकामाची नोटीस येताना शेजारी कोण आणि तक्रारदार कोण ते बघत नाही. मी गप्प बसले.

भाऊंना नवी भिंत सात फुटी, भरीव हवी होती. २०२० च्या एकात्मिक नियमावलीत दीड मीटरची मर्यादा आहे, वरचा ९० सेंटिमीटर भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. हे त्यांच्याच आर्किटेक्टने सांगितल्यावर त्यांना पटलं. माझ्याकडून पटलं नसतं.

तक्रारी. एक, नकाशा आठ दिवसांत देतो म्हणाला आणि एकविसाव्या दिवशी दिला, त्यात सासऱ्यांचं नाव चुकलेलं. दोन, बिल. १२,५०० ठरले होते, वर जीएसटी धरून १४,७५० झाले. जीएसटी फोनवर सांगितला असता तर कटकट झाली नसती.

सरकारी मोजणी स्वस्त आहे हे कबूल. महापालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमितचे ३,००० आणि द्रुतगतीचे १२,००० (डिसेंबर २०२४ पासूनचे दर). ई-मोजणी या सरकारी संकेतस्थळावर हद्द कायम करून घ्यायचा अर्ज मीही टाकलाय, नियमितचा. भांडण पुढे गेलंच तर कामाला येणार ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणी नकाशाची 'क' प्रत, याच्या रंगीत नकाशावर सरकारी शिक्का नाही. पण भूकरमापक येण्याआधी आपण कुठे उभे आहोत हे कळलं. नाहीतर सगळ्या गल्लीसमोर मी पत्र्यांखाली उभी राहून भाऊंना अतिक्रमण शिकवत बसले असते.

शेड गेल्या रविवारी काढली. कपड्यांचं मशीन आता मोरीत आहे, दार पूर्ण उघडत नाही. नव्या भिंतीची रेघ भाऊ 'क' प्रत आल्यावर आखणार आहेत, तोंडी ठरलंय, लेखी अजून नाही.

काल शेजारच्या वहिनींनी त्या मुलाचा नंबर मागितला, बदलापूरला त्यांच्या माहेरची जागा आहे म्हणून. दिला. जीएसटी आधी विचारा म्हटलं.