ट्रेसमॅलॉक: रॅम विकत घेण्याआधी हे एकदा लावून बघाच

मराठी शब्द मोजायची साधी पायथन स्क्रिप्ट, जेमतेम पंधरा ओळींची, पण ४०० एमबीच्या टेक्स्ट फाइलवर चालवली की माझा ४ जीबीचा लॅपटॉप गारच पडायचा, माउससुद्धा हलेना. सगळे म्हणाले रॅम टाक. मी त्याआधी ट्रेसमॅलॉक, म्हणजे स्क्रिप्टची कुठली ओळ किती मेमरी घेते ते दाखवणारं पायथनचं साधन, लावलं आणि आता भेटेल त्याला हेच सांगतेय, वेगळं इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही, २०१४ च्या पायथन ३.४ पासून ते सोबतच येतं.

फक्त अख्ख्या फाइलवर लावू नका, २० एमबीचा तुकडा काढा, कारण नोंदी ठेवायला ते स्वतःही मेमरी खातं आणि स्क्रिप्ट चांगलीच रेंगाळते. आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी कुठल्या ओळीने किती मेमरी धरलीय त्याची नोंद, कुठे घेताय ते बघा. मी आधी अगदी शेवटी घेतला तर काहीच सापडेना, कारण तोवर फंक्शन संपून शब्दांची लिस्ट मोकळी झालेली. लिस्ट भरल्या भरल्या घेतला तेव्हा पहिल्या नंबरला स्प्लिटची, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारी ओळ, ९० एमबीच्या वर. २० एमबीच्या फाइलला!

मग एकच शब्द तपासला. 'आहे' फाइलमध्ये ९ बाइटचा, पण पायथन ३.१२ मध्ये मेमरीतला आकार सांगणारं गेटसाइझऑफ ६४ सांगतं, वर लिस्टमधल्या जागेचे ८ वेगळे. त्यात अक्षरांचे सहाच, बाकी सगळा वरखर्च, आणि 'आहे' हजारदा आला की हजारदा नवा. दुसऱ्या नंबरला रीडची, म्हणजे अख्खी फाइल एकदम एका स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) वाचणारी ओळ. देवनागरीला एका कोडपॉइंटमागे (अक्षर किंवा मात्रा, प्रत्येकी एक) २ बाइट पुरतात, पण तो हसून रडणारा इमोजी मजकुरात एकदा जरी आला तरी त्या अख्ख्या स्ट्रिंगला सरसकट ४ लागतात, आणि माझ्या फाइलमध्ये तो होताच.

आता फाइल ओळीओळीने वाचते आणि प्रत्येक ओळीचे शब्द काउंटरमध्ये, म्हणजे कुठला शब्द किती वेळा आला ते मोजणाऱ्या पायथनच्या डब्यात, टाकते, म्हणजे वेगळे शब्द तेवढेच साठतात, अख्खी फाइल त्याच लॅपटॉपवर आरामात होते.

उणीव आहे. आलेख नाही, नुसत्या ओळी नि आकडे. सी भाषेत लिहिलेली लायब्ररी पायथनला न विचारता परस्पर मॅलॉकने (सीची मेमरी मागायची सोय) जागा घेत असेल तर ती यात दिसत नाही, तिथे ब्लूमबर्ग कंपनीचं मेमरे हे साधन बरं, पण ते लिनक्स आणि मॅकवरच चालतं. शिकणाऱ्यांनी मात्र आधी हेच घ्यावं. आणि फक्त जास्तीत जास्त किती मेमरी गेली तेवढंच हवं असेल तर ट्रेसमॅलॉकमधलं गेट ट्रेस्ड मेमरी हे फंक्शन दोन आकडे देतं, त्यातला दुसरा बघा.