टू-स्टेज नायट्रस, आठ महिने: गॅस राहिला बाजूला, वायरिंगनेच घाम काढला

आधीच सांगून टाकतो, पाम बीच रोडवर कुणाला मागे टाकायला हे किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून तेवढ्यापुरती ताकद वाढवणारं) बसवलेलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलात असे फेरफार चालत नाहीत. त्यामुळे ऐरोलीहून गाडी पळवायच्या धावपट्टीपर्यंत ती फ्लॅटबेड ट्रकवर जाते. दर खेपेला भाडं मोजताना जीव कळवळतो, पण तेवढं पथ्य पाळलंय.

गाडी जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, कंपनीतून निघाली तेव्हा १०६ बीएचपीची. ऑक्टोबरात तिला बाहेरून मागवलेलं टू-स्टेज वेट किट बसवलं. पहिली स्टेज ३५ हॉर्सपॉवरची, दुसरी २५ची. वेट म्हणजे नायट्रससोबत लागणारं जादा पेट्रोलही किटच आपल्या सोलेनॉइडमधून (करंट मिळाला की उघडणारा व्हॉल्व्ह) सोडतं. नायट्रस स्वतः जळत नाही. सुमारे ३०० अंशांवर त्याचं विघटन होतं आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. त्या ऑक्सिजनला पुरेल एवढं पेट्रोल मिळालं नाही तर पिस्टनचा निकाल लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन स्टेज एवढ्यासाठी की साठच्या साठ एकदम दिले तर पुढची चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. म्हणून आधी ३५, गाडीने पकड घेतली की दीड सेकंदाने २५.

बसवलं आमच्या तुर्भ्याच्या वायरमन मामांनी. पन्नाशीचे, आयुष्य ट्रकच्या वायरिंगमध्ये गेलेलं. डायग्राम बघून म्हणाले, "यात नवीन काय? हॉर्नचा रिलेच आहे की." खरंच तसंच आहे. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून सोलेनॉइड, ८६ ला डॅशबोर्डवरच्या झाकणवाल्या स्विचचा करंट. ८५ ची अर्थ, म्हणजे निगेटिव्हची वायर, दोन दारांतून जाते: एक थ्रॉटल बॉडीवरचा मायक्रोस्विच, जो पाय पूर्ण दाबल्यावरच लागतो, आणि दुसरा विंडो स्विच, जो ३,५०० ते ६,३०० आरपीएमच्या मध्येच सोडतो. खालच्या आरपीएमला नायट्रस दिला तर सिलिंडरमधला दाब भलताच वाढतो. वर आरपीएमच्या लिमिटरला टेकलात तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल तोडतो आणि नायट्रस चालूच राहतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

दुसऱ्या स्टेजच्या रिलेचं ८६ आणि टायमरचा करंट, दोन्ही पहिल्या स्टेजच्या ८७ वरून घेतले. म्हणजे पहिली लागल्याशिवाय दुसरी लागूच शकत नाही, आणि गिअर बदलताना पाय उचलला की टायमर मरतो, पुन्हा शून्यापासून मोजतो. निदान कागदावर. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्वस्तातला टायमर काही वेळा आधीचे सेकंद धरून बसायचा आणि तिसऱ्या गिअरला दोन्ही स्टेज एकदम यायच्या. कॉइलवर डायोड टाकून पाहिला, फरक नाही. शेवटी टायमरच बदलला.

खरा दणका डिसेंबरात बसला. पाचवा पास (धावपट्टीवरची पाचवी धाव), दुसरी स्टेज लागली आणि बोनेटखालून तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आला. पाय झटक्यात उचलला. प्लग काढले तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची वाकडी पट्टी टोकाला गोल झालेली आणि पांढऱ्या चिनी मातीवर मिरीपुडीसारखे बारीक ठिपके. ते ठिपके ॲल्युमिनियमचे असतात, म्हणजे पिस्टनचे. त्या रात्री झोप लागली नाही. कॉम्प्रेशन मात्र चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखं निघालं, नशीब.

दोष शोधायला मामांना अर्धा तास लागला. बाटली बंद केली, लाइनमधला गॅस सोडला, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून रेलचा (इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळी) दाब उतरवला, मग सोलेनॉइडला करंट देऊन मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, दुसऱ्या स्टेजच्या पेट्रोल सोलेनॉइडला मिळतायत जेमतेम ८.९. तीन व्होल्टच्या वर एकट्या अर्थमध्ये गायब! घाईत त्याची अर्थ रंग दिलेल्या ब्रॅकेटच्या बोल्टला आवळली होती. नायट्रसचा सोलेनॉइड मात्र थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, त्यामुळे तो ठणठणीत. नायट्रस पूर्ण, पेट्रोल अर्धवट.

पेट्रोलचा दाब पडला की नायट्रस तोडणारा फ्युएल प्रेशर स्विच होता. तरी काही उपयोग झाला नाही, कारण रेलमध्ये दाब व्यवस्थित होता, पेट्रोल अडलं होतं त्याच्या पुढे. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता प्रत्येक स्टेजचे दोन्ही सोलेनॉइड एकाच ४ स्क्वेअर एमएमच्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला जातात. अर्थ तुटली तर दोन्ही मरतील, एकटा नायट्रस चालू राहणार नाही. नुसती ढिली झाली तरी ९०० पीएसआयविरुद्ध उघडायचं काम नायट्रसच्या सोलेनॉइडचं, त्यामुळे आधी तोच हात टेकतो. मामांनी लग क्रिम्प केले, वर श्रिंक ट्यूब चढवली आणि मला म्हणाले, "हॉर्न वाजला नाही तर माणूस शिव्या देतो, इथे इंजिन देईल."

बाकी इंजिनात फारसं काही केलं नाही. प्लग एका श्रेणीने थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग अडीच डिग्री मागे, टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल. ४०२ मीटरला १७.२ सेकंद घेणारी गाडी आता १५.५ मध्ये जाते. दुसरी स्टेज लागते तेव्हा मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटत नाही. उलट इतकं गुळगुळीत येतं की पहिल्यांदा मी ती लागलीच नाही असं समजलो.

थंड देशांत बाटलीला हीटरचं जाकीट घालतात. नवी मुंबईत ३० अंशांना गेज आपोआप ९००च्या आसपास असतं. अडचण उलटी होते. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही आणि एप्रिलात बंद डिकी ते तापमान कधीच ओलांडते. मग माझ्या बाटलीवर ओलं गोणपाट. जानेवारीत घाटावर पहाटे मात्र गेज ६५०ला; नायट्रस कमी, पेट्रोल तेवढंच, आणि गाडी काळा धूर ओकत होती. बाटलीच्या सेफ्टी डिस्कची नळी डिकीतून बाहेर काढायला विसरू नका. डिस्क फुटली तर गॅस केबिनमध्ये येतो आणि श्वासाला हवा उरत नाही.

सगळ्यात जास्त वैताग रिफिलचा. कागदपत्रं, फेऱ्या, "पुढच्या आठवड्यात बघू". साडेचार किलोची बाटली आठ-दहा पासमध्ये संपते. आई विचारते, "घरातला गॅस संपला तर दोन दिवस नंबर लावत नाहीस, आणि याच्यामागे एवढा धावतोस?" उत्तर नाही माझ्याकडे.

जूनच्या पहिल्या पावसात कनेक्टर उघडले. खाडीच्या हवेने दोन पिनांवर हिरवा गंज चढला होता. घासून ग्रीस भरलं, रिलेचा डबा फायरवॉलच्या आत घेतला आणि पुन्हा मीटर लावला. अर्थवर ०.०६ व्होल्ट.