विमा कंपनीचं रेटिंग: एका अक्षरावर किती भिस्त ठेवायची?

एजंटने चकचकीत माहितीपत्रक पुढे सरकवलं आणि कोपऱ्यातल्या ‘ए प्लस’वर बोट ठेवलं. "साहेब, यापुढे बघायचं काही उरतच नाही." मी तीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासलेत. कुणी असं म्हटलं की मी हमखास बघतो.

पहिला प्रश्न, ए प्लस दिलं कुणी? विमा कंपन्यांची देणी फेडायची ऐपत जोखून अक्षरं देणाऱ्या संस्था अनेक. त्यातल्या ए. एम. बेस्टच्या शिडीवर ती वरून दुसरी पायरी. एस अँड पी किंवा फिचकडे तेच ए प्लस पाचव्या पायरीवर. संस्थेचं नाव इतकं बारीक छापलेलं की चष्मा पुसावा लागला. निघाली पाचवी पायरी! वर ते रेटिंग मूळ समूहाचं. पॉलिसी देणारी कंपनी निराळीच. समूहाच्या तिजोरीवर माझ्या वारसांचा हक्क नाही म्हटल्यावर गडी पाणी प्यायला.

रेटिंग मी टाकाऊ म्हणत नाही. चाळणी म्हणून ते उत्तम. फक्त त्याची फी बहुधा विमा कंपनीच भरते, म्हणजे स्थळाची चौकशी स्थळाच्याच खर्चाने. त्यामुळे अक्षरापेक्षा त्यामागचं रेटिंग संस्थेचं टिपण वाचावं: पैसा कुठे गुंतवलाय आणि ग्राहकांना हमी कसली दिलीय. ब्रिटनची इक्विटेबल लाइफ १७६२ सालची. तिने जुन्या पेन्शन पॉलिसींत किमान दराची हमी देऊन ठेवली होती. पुढे व्याजदर उतरले, हमी अंगावर आली. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती पाळायला लावली आणि डिसेंबरात कंपनीने नवीन पॉलिसी देणं बंद केलं. वय अडीचशेच्या घरात, पण वयाने काही वाचवलं नाही.

एजंटचं दुसरं अस्त्र म्हणजे क्लेम सेटलमेंट रेशो, आलेल्या क्लेमपैकी किती फेडले त्याचं प्रमाण. त्यातून गेल्या वर्षीची नियत कळते. माझा क्लेम यायचा तेव्हाची ऐपत नाही. त्यासाठी सॉल्व्हन्सी रेशो, म्हणजे गरजेच्या मानाने कंपनीकडे भांडवल किती ते पाहावं, तेही पाच वर्षांचं सलग. हा रेशो घसरला म्हणून लगेच दचकू नये. नवीन पॉलिसी विकताना कमिशन आणि राखीव निधीचा भार आधी पडतो, त्यामुळे जोरात वाढणाऱ्या कंपनीचं भांडवल खर्ची पडतंच. धंदा जागच्या जागी असून रेशो उतरत असेल तर मात्र मी उठतो.

रेटिंगला पाचपैकी तीन. टिपणाला साडेचार, अर्धा गुण तिथल्याही बारीक अक्षरांसाठी कापला.