स्वखर्चाने पुस्तक काढताय? पैसे कुठे जिरतात ते आधी पाहा

सुरुवात बहुतेक वेळा लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीच्या फोननेच होते. "सर, फेसबुकवरच्या तुमच्या कविता वाचल्या. आमच्या संपादक मंडळाने तुमच्या संग्रहाची निवड केलीय." ऐकणारे असतात लातूर-नांदेडकडचे निवृत्त मुख्याध्यापक, बढतीसाठी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) असलेलं पुस्तक हवं असलेले प्राध्यापक, नाहीतर आजीच्या ओव्या वर्षानुवर्षं वहीत उतरवून ठेवणाऱ्या परभणीच्या एखाद्या ताई. आनंद होतो आणि त्या आनंदातच पहिला हप्ता जातो. संग्रहाची निवड झाली म्हणणाऱ्याने हस्तलिखित एकदाही मागितलं नव्हतं, हे फार उशिरा ध्यानात येतं.

स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. टाइपसेटिंग, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई ही कामं आहेत आणि कामाचे पैसे पडतातच. घात होतो तो पैसा लेखकाचा आणि ताबा दुसऱ्याचा असतो तेव्हा. आयएसबीएन क्रमांक कंपनीच्या नावावर, फाइल त्यांच्या संगणकात, विक्रीचं खातं त्यांचं, प्रती त्यांच्या गोदामात. मग हिशेब मागायचा तरी कशाच्या जोरावर?

आधी आयएसबीएनचं पाहू. पॅकेजमध्ये याचे काही हजार रुपये सर्रास लावलेले दिसतात. प्रत्यक्षात भारतात हा क्रमांक फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि लेखकाला स्वतःच्या नावावरही तो मिळतो. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे क्रमांक लागतात. दुसऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेला क्रमांक छापला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून तोच राहतो. उद्या दुसरी आवृत्ती स्वतः काढायची झाली तर तो क्रमांक तुम्हाला वापरता येत नाही. शिवाय बनावट क्रमांकही छापले जातात. घरबसल्या करता येईल अशी एक तपासणी आहे. तेरा अंक ओळीने लिहा, पहिल्याला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने असं आळीपाळीने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला नाही, तर तो क्रमांक खोटा किंवा चुकीचा छापलेला आहे. भाग गेला म्हणून तो तुमच्याच पुस्तकाचा असं मात्र होत नाही. त्यासाठी एजन्सीकडून आलेलं वाटपाचं पत्र मागा.

आता प्रती. सगळ्यात मोठा पैसा इथेच मुरतो. करारात ५०० प्रती लिहिलेल्या असतात, हातात ५० पडतात आणि "बाकीच्या गोदामात आहेत, विक्री चालू आहे" असं उत्तर वर्षभर मिळत राहतं. बऱ्याचदा त्या उरलेल्या प्रती छापलेल्याच नसतात. ऑफसेटवर प्लेट बनवाव्या लागतात, त्यामुळे थोड्या प्रती परवडत नाहीत. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही, ५०-६० प्रतीही निघतात. पाचशेच्या ऑफसेटचे पैसे घ्यायचे आणि साठ प्रती डिजिटलवर काढायच्या, असा हा सरळ डाव.

त्याला उत्तर आहे छापखान्याच्या बिलात. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकात १८ बाय २३ इंचाच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं बसतात. हा झाला एक फॉर्म. १६० पानांचं पुस्तक म्हणजे १० फॉर्म. ५०० प्रतींना ५,००० कागद, म्हणजे १० रीम, वर थोडी नासधूस. बिलावर फॉर्म, रीम, कागदाचा जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी-वजन), प्रतींची संख्या आणि बाइंडिंग वेगवेगळं लिहिलेलं हवं. नुसतं "पुस्तक छपाई, एकरकमी" असं बिल आलं तर पुढचा हप्ता थांबवा.

दुसरी खूण वजनाची. वरच्याच १६० पानी पुस्तकाला आत ७० जीएसएम कागद आणि वर २५० जीएसएमचं आर्ट कार्ड असेल, तर एक प्रत साधारण १८५ ग्रॅम भरते. आत ८० जीएसएम असेल तर २१० च्या आसपास. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा प्रती एकदम ठेवा आणि दहाने भागा. ८० जीएसएमचे पैसे देऊन सरासरी १६० वर आली, तर आत ६० चा कागद घातला आहे. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवरही वजन असतं. ७० जीएसएमच्या ५०० प्रती ९० किलोंच्या वर जायला हव्यात. बिल्टीवर २० किलो असतील तर गठ्ठ्यात शंभरच्या आसपासच प्रती आहेत, मोजायचीही गरज नाही. त्याच वेळी एक प्रत मधोमध पूर्ण उघडा आणि एक पान हलकेच ओढा. कणा नीट घासून खडबडीत न करता गोंद लावला असेल, तर पान तिथेच सुटतं.

ई-पुस्तकातली लबाडी लवकर दिसत नाही. आपल्याकडे बरंच डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. छपाईला ते चालतं, पण ई-पुस्तकाला मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही उपकरणाला कळणाऱ्या अक्षर-संकेतात लागतो. फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढून मुद्रितशोधन न करताच चढवलं की 'कविता'ची 'कवतिा' होते, 'वर्ग'चं 'वगर्' होतं, 'दुसऱ्या'तला अर्धा र भलतीकडे जातो. तीनशे ठिकाणी असं झालेलं पुस्तक वाचक दोन पानांत बंद करतो आणि नाव खराब होतं ते लेखकाचं. काही जण तर छपाईची पीडीएफच ई-पुस्तक म्हणून हातात ठेवतात. मोबाइलवर अक्षर मोठं करून पाहा: ओळी नव्याने जुळल्या तर ते खरं ईपब (ई-पुस्तकाची फाइल), नुसतं चित्र मोठं झालं तर पीडीएफ. एखादा शब्द शोधून पाहा, सापडला नाही तर युनिकोडमध्येच गडबड आहे.

अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या सेवेवर मराठी ई-पुस्तक चढवायला शुल्क लागत नाही. गुगल प्ले बुक्सवरही नाही. 'जागतिक वितरण' म्हणून जे विकलं जातं ते पुष्कळदा एवढंच असतं. खातं तुमच्या नावाचं, तुमच्या पॅन आणि बँक खात्याला जोडलेलं हवं. कंपनीच्या खात्यावर चढवलं की किती विकलं गेलं ते फक्त कंपनीला दिसतं. केडीपीवर रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं आणि मग ९० दिवसांच्या त्या मुदतीत ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही. हे न सांगताच पुस्तक तिथे टाकलं जातं.

'शंभर टक्के रॉयल्टी' या शब्दांवर भाळू नका, ती कशावर ते विचारा. २५० रुपये किमतीच्या पुस्तकावर निम्मं वितरण कमिशन कापलं की राहिले १२५, त्यातून छपाई म्हणून ९० काढले की ३५. शंभर टक्के मिळतात ते या ३५ चे. छपाईचे पैसे तुम्ही आधीच दिलेले असतील, तर ते ९० पुन्हा कशाचे कापले, हा प्रश्न सहीआधी विचारायचा.

करारात 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व भाषा, सर्व माध्यमे' हे शब्द शोधा आणि खोडायला लावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे काही न लिहिणं एक वेळ परवडतं, 'कायमस्वरूपी' लिहिणं परवडत नाही. कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा असतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि साहित्यकृतीसाठी तिचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. टाइपसेटिंगची मूळ उघडी फाइल, फॉन्ट आणि मुखपृष्ठाची फाइल शेवटच्या हप्त्याआधी मिळेल, हे वाक्य करारात घालून घ्या.

नोंदणी फी घेऊन दिले जाणारे पुरस्कार आणि 'ग्रंथालय खरेदीत तुमचं पुस्तक लावून देतो' ही आश्वासनं सोडूनच द्या. ग्रंथांसाठी मदत करणारं कोलकात्याचं राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आणि आयएसबीएन देणारी एजन्सी या वेगळ्या संस्था आहेत. नाव सारखं असल्यामुळे 'सरकारकडून नंबर आला, आता खरेदीही होणार' ही थाप सहज खपते. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी आधी करा.

पैसे अडकले असतील तर फोनवर भांडत बसू नका. करार, पावत्या, बँक व्यवहाराचे यूटीआर क्रमांक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा, प्रती आणि हिशेब मागणारं पत्र स्पीड पोस्टने पाठवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी बीडच्या माणसाने बीडलाच जायचं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि "पुढच्या महिन्यात नक्की हिशेब देतो, सर" असं म्हणत त्यातलं एक वर्ष आधीच खाल्लेलं असतं. म्हणून पहिला हिशेब चुकला त्याच आठवड्यात पत्र टाका.