पहिल्या सत्रात काय घ्यावं: महाड की नर्मदा?

मानवशास्त्राच्या वर्गात सामाजिक चळवळी शिकवताना महाड सोपं वाटतं. कागदपत्रं भरपूर आहेत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३ चा बोले ठराव, २० मार्च १९२७ चा चवदार तळ्यावरचा सत्याग्रह, मग तळं ‘शुद्ध’ करायला ओतलेले पंचगव्याचे घडे, शेवटी सत्याग्रहींच्या बाजूने लागलेला १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. ठराव होऊनही पाणी का मिळत नाही, या एका प्रश्नावर दोन तास सहज रंगतात. अडचण एवढीच, की मुलं लगेच सत्याग्रहींच्या बाजूने होतात आणि वाद संपतो. (घडे ओतणाऱ्यांच्या बाजूने कोण उभं राहणार!)

नर्मदेत, म्हणजे सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या नर्मदा बचाओ आंदोलनात, तसं होत नाही. बुडीत क्षेत्रातल्या मणिबेलीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा आदिवासी सरकारी कागदावर ‘अतिक्रमणदार’ ठरतो. सातबारा नाही, म्हणून नुकसानभरपाईचा वांधा. त्याच धरणाचं पाणी कच्छ-सौराष्ट्राला हवं असतं. इथे वर्ग दुभंगतो. शिवाय आंदोलनात राहून अभ्यास करणारा संशोधक कुणाचा, हा प्रश्न टाळता येत नाही. मात्र क्षेत्रकार्याला मणिबेलीच्या अक्कलकुवा तालुक्यापर्यंत मुलं न्यायची तर खर्च आणि परवानग्यांचं लचांड मागे लागतं.

मी नर्मदा आधी घेईन, महाड नंतर. वाद घालायची सवय लागलेली मुलं मग घडे ओतणाऱ्यांचं म्हणणंही तपासून बघतात.